चौकीदाराच्या डब्यावर न वाजलेली सीडी

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. आमचे भावोजी अजून धडधाकट आहेत, दोन्ही वेळा पोटभर जेवतात, तेव्हा मला जे खरं वाटतं ते आत्ताच लिहून टाकते. त्यांनी वाचलं तरी हरकत नाही. वाचावंच.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी गाण्याच्या स्टुडिओत. गाणारे गाऊन गेले, वाजवणारे वाजवून गेले, की ते सगळं भावोजींच्या खोलीत यायचं. सीडी छापायला जाण्याआधी तिच्यावरून शेवटचा हात फिरवायचा, हे त्यांचं काम. कुठे आवाज वर घ्यायचा, कुठे खाली, दोन गाण्यांमध्ये किती थांबायचं, हे सगळं ते ठरवत. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड करडं कापड, दाराला रबराची पट्टी, आणि मधोमध एक खुर्ची, बसून बसून खड्डा पडलेली. त्या खड्ड्यात दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे.

लोक त्यांना कानसेन म्हणत. थोडे कौतुकाने, बरेचसे वैतागून. घरी आले की म्हणायचे, फ्रिजचा सूर आज चढलाय. माझ्या लग्नात सगळे जेवायला बसले आणि हे तिकडे स्पीकरवाल्याशी हुज्जत घालत उभे. त्यांचं ताट मी स्वतः झाकून ठेवलं, नवरी असून. आई म्हणायची, "जावयांना कान चांगले दिलेत देवाने, ऐकून घ्यायचं तेवढं द्यायचं राहिलं." आम्ही हसायचो. पुढे तेच खरं झालं आणि हसू आलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांची मला मनापासून आवडायची, ती आधी सांगते, म्हणजे मी वाकड्यात शिरून लिहितेय असं वाटायला नको. स्टुडिओतले स्पीकर माणसाच्या उंचीचे. त्यांच्यावर काहीही लावा, गोडच लागतं. म्हणून भावोजींनी स्वतःपुरता एक नेम केला होता. काम पुरं झालं की सीडी घेऊन ते जिना उतरून फाटकापाशी जायचे. तिथे चौकीदाराचा एक जुनाट प्लेअर होता, रेडिओ आणि सीडी एकत्र असलेला, मूठ तुटलेली म्हणून दोरीने बांधलेला. त्याला सगळे 'डबा' म्हणत. चौकीदाराच्या स्टुलावर बसून, रस्त्यावरून गाड्या जात असताना, ते आख्खी सीडी त्या डब्यावर ऐकायचे. डब्यावर जे टिकलं तेच छापायला जाणार. मोठमोठ्या गाणाऱ्यांना याचा राग यायचा. आमचं गाणं फाटकावर कशाला नेता म्हणायचे. भावोजी म्हणायचे, ऐकणारे तिथेच आहेत. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं बाकीचं बरंच पोटात घातलं होतं.

मग स्टुडिओत ते नवं यंत्र आलं.

त्याचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. दर क्षणाच्या आवाजाला सोळा घरं. वरची घरं मोठ्या आवाजाची, आणि अगदी शेवटचं घर इतकं बारीक की त्यात काय आहे ते कानाला कळतही नाही. हे यंत्र काय करायचं, तर गाण्यातल्या चढ्या जागा थोड्या दाबायचं, फार हळू जागा थोड्या उचलायचं, म्हणजे सगळं त्या सोळा घरांत नीट बसेल. आणि कुठे दाबलं, कुठे उचललं, याची खूण त्या शेवटच्या घरात गुपचूप ठेवून द्यायचं. ज्या प्लेअरला ती खूण वाचता येते तो दाबलेलं परत उघडतो, उचललेलं परत खाली ठेवतो. सोळा घरांच्या जागेत वीस घरांचा ऐवज. असा प्लेअर खूण ओळखली की पुढच्या बाजूला एक छोटा निळा दिवा लावतो.

भावोजी मला समजावताना म्हणाले होते, "मेव्हणीबाई, लोकरीचे कपडे बॅगेत दाबून भरतो ना, तसं. आत चिठ्ठी ठेवायची, पोचल्यावर उघडून झटका म्हणून."

मी विचारलं, चिठ्ठी वाचता न येणाऱ्याचं काय. ते म्हणाले, तो तसाच चुरगळलेला घालेल, फारसं बिघडत नाही. मला तेव्हाच टोचलं होतं. पण माझं शिक्षण ते किती, आणि विषय त्यांचा.

निळा दिवा लागणारा एक प्लेअर त्यांनी घरीही आणला. ताईने पुसायला नुसता फडका लावला तरी यांचा जीव खाली-वर. दिवा लागला की तोंडावर असं समाधान, जसं काही देवच पावला.

आता ताईचं सांगते. ताई आमच्या भागातल्या प्रार्थनेच्या खोलीत म्हणायची. गायची असं ती कधी म्हणाली नाही, म्हणायची असंच म्हणायची. पेटी नाही, काही नाही. सुरुवातीला इतकं हळू की पुढच्या रांगेतल्यांनाही कान द्यावा लागे, आणि शेवटी देवाला हाक मारायची एक जागा यायची तिथे तिचा आवाज असा वर जाई की माझ्या अंगावर दर वेळी काटा. मी लहानपणापासून तिच्याबरोबर झोपलेली, तिची भांडणं, तिचं घोरणं ऐकलेली, आणि तरी काटा. त्या जागेपाशी मी कितीतरी मागणी मागितली आहेत. काही मिळाली, काही नाही. ते असो.

मग तिचा घसा बसू लागला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावर गाठ होती. काढावीच लागेल म्हणाले, आणि काढल्यावर बोलता येईल, पण पूर्वीचा आवाज राहील असं सांगता येत नाही. ताईने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, एकदा सगळं म्हणून ठेवते. खोलीतले जे लोक आता येऊ शकत नाहीत, अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यापर्यंत पोचेल. कुणासाठी म्हणतेय, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भावोजींच्या समोर, चपला घालता घालता. मी साक्षीला आहे.

भावोजींनी मालकांकडून स्टुडिओ मागून घेतला. ताई उभी राहून म्हणत होती, मी काचेच्या अलीकडे बसले होते. शेवटच्या जागेला ताईने डोळे मिटले आणि आवाज सोडला, तो कमी झाला नाही, फुटला नाही. काचेच्या या बाजूला भावोजींच्या हातातलं पेन खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

ऑपरेशन झालं. सीडी छापून आल्या, घरोघरी वाटल्या. ताईला बोलायची बंदी होती, ती मान हलवून नमस्कार घ्यायची. लोक म्हणायचे, फार छान आहे. लोक छानच म्हणतात, त्यांचा काय दोष.

बंदी उठल्यावर ताई आणि मी पहिल्यांदा गेलो ते मास्तरीणबाईंकडे. आम्हा दोघींना त्यांनी शाळेत शिकवलं, आता कंबरेतून मोडल्या होत्या. खोलीत एक पलंग, औषधांचं टेबल, आणि उशाशी एक छोटा प्लेअर. आम्हाला पाहून त्यांनी हौसेने ताईची सीडी लावली.

हळू जागा आली. ती हळू नव्हतीच. ताई जिथे कानाशी कुजबुजायची ती जागा कुणीतरी फळ्यासमोर उभं राहून सांगावं तशी झालेली. आणि मग ती हाकेची जागा आली. आवाज वर निघाला आणि मध्येच कुणीतरी तोंडावर उशी ठेवावी तसा दबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा. वर गेलाच नाही. मास्तरीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही.

जिन्यात ती थांबली आणि त्या नव्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे मी म्हटलेलं नाही."

घरी जाऊन तिने काही आदळआपट केली नाही. भावोजींना समोर बसवून विचारलं. ते आधी म्हणाले, मास्तरीणबाईंचा प्लेअर भिकार आहे. मग त्यांनी घरच्या प्लेअरवर तीच सीडी लावली. निळा दिवा लागला. आणि खरं सांगते, ताईचा आवाज जसाच्या तसा आला. हळू ते हळू, वर ते वर. भावोजी म्हणाले, बघ, सगळं आहे आत. काहीही हरवलेलं नाही. ज्यांना हवं त्यांनी असा प्लेअर घ्यावा.

"मी प्लेअरवाल्यांसाठी म्हटलं नव्हतं," ताई म्हणाली. "देव यंत्र बघून ऐकत नाही."

मग तिने एक साधी गोष्ट विचारली. दाबायचं कशाला होतं? सगळंच थोडं हळू ठेवलं असतं तर हाकेची जागा मावली असती. लोकांनी आपापलं बटण फिरवून आवाज मोठा केला असता. भावोजी म्हणाले, तसं केलं की हळू जागा खालच्या दोन-चार घरांत कोंबल्या जातात, श्वास खरबरीत होतो. मला दोन्ही हवं होतं, तुझं हळूही आणि तुझं वरचंही. ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांना दोन्ही मिळालं, आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांना एकही नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

ताईने घरातला तो प्लेअर उचलून कपाटावर ठेवला आणि वर जुनी चादर टाकली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. भाजी काय आणायची, दार लावलं का. मी देवापाशी नेहमी दुसऱ्यांसाठी मागते, त्या दिवसांत मात्र नुसती भावोजींची चहाडी केली. ऐकणाऱ्यालाही कंटाळा आला असेल.

शेवटी मीच स्टुडिओत गेले. मूळ रेकॉर्डिंग मागून घ्यावं, दाबायच्या आधीचं, आणि दुसऱ्या कुणाकडून नव्याने साधी सीडी करून घ्यावी. मालक सभ्य होते, चहा दिला. म्हणाले, मूळ टेप राहत नाहीत. सीडी छापून आली की टेप पुसून दुसऱ्या कामाला घ्यायची, ही इथली रीत. तुमच्या भावोजींनी स्वतःच पुसायला दिली. मी म्हटलं, स्वतःच्या बायकोची? ते म्हणाले, बाई, इथे सगळ्यांच्या बायकांची पुसली जाते. विनोद केला त्यांनी. मी चहा तसाच ठेवला.

म्हणजे माझ्या बहिणीचा चांगला आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या दाबलेल्या सीडीच्या शेवटच्या घरातल्या खुणांत. घरोघरी वाटलेला, आणि घरोघरी बंद.

फाटकातून बाहेर पडताना चौकीदाराने हाक मारली. बाईंचा घसा कसा आहे म्हणून विचारलं. मग जरा नाराजीने म्हणाला, "सगळ्यांच्या सीड्या माझ्या डब्यावर वाजल्या. बाईंची तेवढी साहेबांनी आणली नाही."

मी उलट्या पावली जिना चढले आणि त्या बिनखिडकीच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. भावोजी त्यांच्या खड्ड्यात बसले होते. मी त्यांना जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही आणि देवाने ते ऐकलं नसेल तर बरं. एवढंच लिहिते की मी म्हटलं, आख्ख्या दुनियेची गाणी फाटकावर नेलीत, आणि एका माझ्या बहिणीची नेताना तुमचे पाय मोडले होते का. ती आजाऱ्यांसाठी म्हणतेय हे ठाऊक असून.

त्यांनी स्पीकर बंद केले. त्या खोलीत काही वाजत नसलं की स्वतःच्याच कानातलं ऐकू येतं.

"नेली होती," ते म्हणाले. "जिन्यापर्यंत. तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. तो आवाज त्या डब्यातून मला ऐकवेना."

मला वाटतं ते रडत असावेत, पण मला त्यांची दया आली नाही. अजूनही पुरती आलेली नाही. ज्याला ऐकवत नाही त्याने ते काम दुसऱ्याला द्यावं. चौकीदार होता ना खाली, त्याचे कान काय भाड्याने दिले होते? मी म्हटलं, तुम्हाला ऐकवलं नाही म्हणून आता मास्तरीणबाई आयुष्यभर ते ऐकणार. आणि आता हे मला सांगितलंत ते ताईला सांगा.

सांगितलं त्यांनी. मी हजर नव्हते, ताईने नंतर सांगितलं, तेही तुटक. ती म्हणाली, मला वाटलं होतं यंत्राच्या नादात माझा आवाज दाबला. तसं नव्हतं. पण म्हणून दाबलेला आवाज वर येत नाही. मग तिने कपाटावरची चादर काढली आणि त्यांना विचारलं, या प्लेअरमधून उघडून जे बाहेर येतं ते पुन्हा साधं भरून घेता येईल का. सगळं हळू ठेवून, काहीही न दाबता.

येत होतं. त्यांच्या मनात आधीच आलं असणार, मला खात्री आहे. फक्त श्वास खरबरीत होईल, एवढ्यासाठी जीभ उचलत नव्हती. तेच पालुपद त्यांनी पुन्हा लावलं.

ताई म्हणाली, "माझा श्वास आता खरबरीतच आहे."

त्यांनी स्टुडिओतून रेकॉर्डर आणला, घरच्या प्लेअरला जोडला. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, मलाही गॅलरीत घालवलं, त्यांना ऐकताना माझा मोठा श्वास आड येतो म्हणे. मी गेले, पण दार जरा आपटलंच. काचेतून दिसत होतं. निळा दिवा लागला होता आणि हे त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

नवी सीडी तयार झाली ती आधी फाटकावर गेली. या वेळी ताई, मी आणि ते, तिघं. चौकीदाराने स्टूल ताईला दिलं आणि स्वतः उभा राहिला. सीडी लावल्यावर तो म्हणाला, आवाज अगदीच बारीक आहे, साहेब. भावोजींनी तोंड उघडलं. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, त्यांनी मिटलं. चौकीदाराने स्वतःच बटण फिरवलं. एक ट्रक गेला, त्यात दोन ओळी बुडाल्या. मग हाकेची जागा आली. डब्याचा एक स्पीकर जरा थरथरला, पण आवाज वर गेला. गाणं संपल्यावर चौकीदाराने सीडी बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि भावोजींच्या हातात देत म्हणाला, आता छापा.

छापल्या नाहीत, घरीच एकेक भरून केल्या. जुन्या परत घेऊन नव्या द्यायच्या ठरल्या. घरोघर जायला ताईने मलाही बरोबर घेतलं. म्हणाली, तू नसलीस तर हे प्रत्येक आजाऱ्याला सोळा घरं समजावत बसतील.

पहिलं घर मास्तरीणबाईंचं. भावोजींनी उशाच्या प्लेअरमध्ये नवी सीडी घातली. हळू जागा इतकी हळू आली की खालच्या रस्त्यावरचा झाडू ऐकू येत होता. मास्तरीणबाई म्हणाल्या, काही लागलंय का? मला काही ऐकू येत नाही. भावोजींचा हात सवयीने बटणाकडे गेला.

ताईने तो मनगटाला धरून बाजूला केला. "तुम्ही सरका," ती म्हणाली. "त्यांचं त्या फिरवतील."

मास्तरीणबाईंचा हात थरथरतो. बटण कधी जास्त फिरे, कधी मागे येई. भावोजी भिंतीला टेकून उभे होते, आणि प्रत्येक हिसक्याला त्यांचा चेहरा असा होत होता जसं कुणी त्यांनाच पिळतंय. मला ते बघून बरं वाटलं, का खोटं बोलू. शेवटी मास्तरीणबाईंना हवा तितका आवाज लागला, आमच्या हिशेबाने जरा जास्तच. मग हाक आली. मास्तरीणबाईंनी बटणावरून हात काढलाच नाही. शाळेत प्रार्थना संपेपर्यंत आमच्याकडे बघायच्या, तशा ताईकडे बघत राहिल्या.

जुनी सीडी परत मागितली तर म्हणाल्या, राहू दे, तीही तुझीच आहे. ताई म्हणाली, नाही बाई, ती माझी नाही, द्या. आणि घेतली.

जिना उतरताना भावोजी म्हणाले, श्वास खरंच खरबरीत झालाय, दुसऱ्या कडव्यापाशी. ताईने जुनी सीडी त्यांच्या हातातल्या, जुन्या गोळा करायला आणलेल्या खोक्यात टाकली आणि पुढच्या घराचा रस्ता धरला. खोकं बरंच जड झालं तरी तिने किंवा मी शेवटपर्यंत हात लावला नाही.